मडकं वाजवून घ्या: तेरचं वस्तुसंग्रहालय आणि आपल्या घरातल्या गोष्टी

(स्थानिक इतिहासावरील एका दिवसाच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



‘वस्तुसंग्रहालय आणि इतिहास सांगण्याची रीत’ यावर बोला असं मला सांगण्यात आलं. मी काही संशोधक नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. मुलांना वर्षातून एकदा तेरला घेऊन जायचे. तिथं मुलं किती शिकली माहीत नाही, पण मी मात्र शिकले. तेच आज सांगते. एक चूकही सांगायची आहे, आणि ती माझी स्वतःची आहे.

तेर आमच्या जिल्ह्यात आहे. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद आहे, नातवाच्या दाखल्यावर धाराशिव असेल. तेरणा नदीच्या काठचं हे गाव आज पाहिलं तर कुणाला वाटणार नाही की दोन हजार वर्षांपूर्वी याचं नाव समुद्रापार माहीत होतं. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, अशी ती व्यापाऱ्याची वही आहे. त्यात तो म्हणतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं मोठं शहर आहे. तगर म्हणजे आपलं तेर. तिथून साधं कापड, तलम मलमल, रंगीत कापड गाड्यांत भरून, वाट धड नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं आणि तिथून जहाजात चढायचं.

म्हणजे बघा, जगाच्या बाजारात तेरची ओळख होती ती इथल्या कापडामुळे. राजाचं नाव त्या ओळीत नाही, देवाचं नाही. सूत कातणारी बाई, मागावर बसलेला माणूस, रंगारी आणि गाडीवान, एवढ्यांच्या जिवावर ते नाव ग्रीक वहीत गेलं. त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

तेरला पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की मातीतून मणी वर यायचे, खापरं यायची, नाणी यायची. गावातले रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या. लोकांच्या दृष्टीनं ती मातीच होती. आज तेरला जे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे ते त्यांच्या नावानं आहे आणि त्यांच्याच संग्रहावर उभं आहे. हजारो वस्तू आहेत. एका माणसानं खाली वाकून उचलल्या म्हणून त्या राहिल्या, हे मी मुलांना दारातच सांगायची.

आत गेलं की मुलं दोन वस्तूंपाशी थांबायची. एक हस्तिदंताची बाईची मूर्ती. लहानशी, दागिन्यांनी मढलेली. तिच्याशी साम्य असलेली एक हस्तिदंती मूर्ती इटलीत पाँपेई शहराच्या अवशेषांत १९३८ साली सापडली. पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे त्याआधी कधीतरी कुणीतरी ती मूर्ती भारतातून तिकडे नेली होती. दुसरी वस्तू म्हणजे मातीची पदकं. रोमन नाण्यावरून ठसा घेऊन ती मातीत उठवलेली आहेत. गळ्यात घालता यावं म्हणून दोरा ओवायची सोय केलेली आहे. सोन्याचं रोमन नाणं परवडत नव्हतं, तर इथल्या बाईनं रोमच्या बादशहाचं तोंड मातीत उमटवून गळ्यात घातलं! मुली हे ऐकून हसायच्या. आजही जत्रेत खोटं सोनं मिळतंच की.

आता माझी चूक सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. चौथीचा वर्ग घेऊन गेले होते. त्यात आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा होता. सगळं बघून झाल्यावर तो माझ्या पदराला धरून, इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून, घरच्या बोलीत म्हणाला, “बाई, इसमें अपना क्या है?”

शेजारच्या मुलानं ऐकलंच. तो सहज म्हणाला, “तुमचं कसं असंल? तुम्ही तर नंतर आलात.” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. घरात ऐकलेलं बोलला. दोघंही नऊ वर्षांचे. दोघंही माझ्याकडे बघत उभे.

मी काय केलं? “चला, रांग करा, उशीर होतोय,” म्हणाले.

एवढंच. कुणाला मारलं नाही, कुणाचा अपमान केला नाही. पण त्या मुलानं परत येताना गाडीत एक शब्द काढला नाही. नंतर तो कधी सहलीला आला नाही. मला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. मला भीती वाटली. मुसलमान बाई मुलांना काय शिकवते, असं कुणी म्हणेल याची. शिक्षकानं उत्तर दिलं नाही की तेच उत्तर होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी परत तेरला गेले, एकटीच, सुट्टीच्या दिवशी. या वेळी त्या मुलाच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं. आणि एका कपाटापुढे पाय थांबले. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे होते. सहल नेताना मी त्यांच्यापुढून दर वर्षी घाईनं गेले होते.

मी मण्यारांच्या घरातली. माझी नानी डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन आसपासची खेडी फिरायची. नागपंचमीला, लग्नसराईत तिला जेवायला सवड नसायची. नव्या नवरीला हिरवा चुडा तीच भरायची. आणि तुम्हाला माहीत आहे, बांगड्या भरून झाल्या की बाई भरणाऱ्याला नमस्कार करते. पाटलाची सून असो, देशमुखाची लेक असो. माझ्या नानीला त्या घरांत आत चुलीपर्यंत जायला मज्जाव होता, पण ओट्यावर बसून नमस्कार मात्र ती घ्यायची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवली तर तो इतिहास नाही.

त्या तुकड्यांकडे बघताना मला मोह झाला. वाटलं, पुढच्या वर्षी मुलांना सांगावं, बघा, ह्या आपल्या खापरपणजीनं केलेल्या बांगड्या! पण ते खोटं झालं असतं. शंख कापणारा तो कारागीर आणि माझी नानी यांच्यात रक्ताचं नातं आहे असं म्हणायला माझ्याकडे काडीचा पुरावा नाही. त्या काळात इस्लामच नव्हता, तो यायला अजून पाचशेहून जास्त वर्षं होती. पण एवढं नक्की खरं आहे की या मुलखात मनगटाचं माप हातानं चाचपून बांगडी चढवायचं काम दोन हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी करत होतं आणि माझी नानीही तेच करत होती. कसब एका हातातून दुसऱ्या हातात जातं. ते जाताना धर्म विचारत नाही. ‘यात आपलं काय?’ या प्रश्नाचं मला मिळालेलं हे पहिलं उत्तर.

दुसरं उत्तर संग्रहालयाच्या बाहेर, गावातच आहे. तेरचं त्रिविक्रमाचं मंदिर बघा. विटांचं, मागची बाजू अर्धगोल. अभ्यासक सांगतात की ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावं. आज तिथं विष्णूचं ठाणं आहे. आधी कोण आणि नंतर कोण यावर भांडायचं ठरवलं तर ते भांडण फक्त आमच्या मोहल्ल्याशी येऊन थांबणार नाही, ते फार मागं जाईल. त्या विटा भाजणारा माणूस मात्र कुठल्याही काळात तोच असतो. पावसाला भिणारा, आव्यातल्या धुराकडे बघत रात्र काढणारा.

पुढच्या वर्षापासून मी शाळेतच एक कपाट मागून घेतलं. मुलांना म्हटलं, घरातली जुनी वस्तू आणा. किमती नको, मोडकी चालेल. आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक कार्ड. कार्डावर तीन ओळी. पहिली, वस्तू स्वतः काय सांगते. दुसरी, घरातली माणसं काय सांगतात. तिसरी, आम्हाला काय वाटतं. या तीन ओळी एकमेकींत मिसळायच्या नाहीत, एवढा एकच नियम.

वस्तू यायला लागल्या. अडकित्ता, जात्याचा खुंटा, पोतराजाच्या घरातला कोरडा, तांब्याचा बदना, पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात, हलगीची चौकट. एका मुलानं पितळी माप आणलं. दुसऱ्या ओळीत लिहिलं, ‘आजोबा म्हणतात, आमची फार मोठी सावकारी होती.’ तिसऱ्या ओळीत त्यानंच लिहिलं, ‘मला वाटतं नव्हती, कारण माप फारच लहान आहे.’ हा मुलगा चौथीतच इतिहासकार झाला!

विरोधही झाला. शाळेत एक गृहस्थ आले, म्हणाले की अभ्यासक्रमात नसलेलं कशाला? आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग आले, म्हणाले, “बाई, बुतांपुढे नेऊन मुलांना उभं करता, आता घरंही उघडी करता?” मी त्यांना म्हटलं, चाचा, मुलांना पूजेला नेत नाही, बघायला नेते. आणि आपली घरं बंद आहेत म्हणूनच लोक आत काय असेल याच्या कथा बाहेर रचतात. ते पटलं असं ते म्हणाले नाहीत. पण आठ दिवसांनी नातवाच्या हातून त्यांनी एक कागद पाठवला. निजामाच्या काळातला जमिनीचा उर्दू कागद. शेजारच्या मराठा घराचा होता, कधीतरी वाचायला म्हणून दिलेला आणि तसाच राहिलेला. तो आधी आम्ही त्या घरी नेऊन परत केला. कपाटात त्याची नक्कल ठेवली.

त्या कागदाची आठवण पुढे फार झाली. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. निजामकाळातली दप्तरं उघडली गेली. बऱ्याच नोंदी मोडीत आणि उर्दूत. आमच्या भागात लोक जुने कागद पिशवीत घालून उर्दू वाचणारं कुणी आहे का म्हणून मोहल्ल्यात विचारत आले. ज्या लिपीकडे लोक परकी म्हणून बघायचे, तिच्यात त्यांच्याच पणजोबांचं नाव निघालं. ते नाव वाचून दाखवताना आमचा एक म्हातारा रडला आणि ऐकणाराही रडला. ‘यात आपलं काय’ हा प्रश्न त्या दिवशी दोघांनाही पडला नाही.

आता तिसरी गोष्ट. ती सांगायला मला जड जातं, पण ती गाळली तर माझं सगळं बोलणं कच्चं राहील.

नानीची बांगड्यांची पेटी मला कपाटात ठेवायची होती. कार्डावरची दुसरी ओळ लिहायची म्हणून मी तिच्यापाशी बसले. विचारलं, ही पेटी कधीपासूनची? ती म्हणाली, “पोलिस ॲक्शन के पहले की.” आणि गप्प झाली. नेहमी तिथंच गप्प व्हायची. आमच्या घरात सगळ्या गोष्टी सप्टेंबर १९४८ पाशी येऊन थांबायच्या. “क्या बोलूँ मैं, गये सो गये.”

आणि मी शाळेत दर वर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करायची. मनापासून करायची. आजही करते. निजामाची राजवट गेली, ती जायलाच हवी होती. रझाकारांनी गावोगाव जुलूम केले, घरं जाळली, माणसं मारली. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारलं गेलं. रझाकारांचा पहिला विरोध करणाऱ्यांत मुसलमान होते, हे आपल्या मुलांना आपणच सांगत नाही. पण १७ तारखेनंतरच्या दिवसांत जे झालं तेही झालं. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठवली. समिती १९४८ च्या अखेरीस गावोगाव फिरली. संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ लागलेले चार जिल्हे तिनं नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. मारल्या गेलेल्यांत बहुतेक जण असे की ज्यांचा रझाकारांशी संबंधही नव्हता. तो अहवाल अनेक दशकं लोकांपुढे आला नाही.

त्या दिवशी नानी बोलली. भाद्रपदाचे दिवस होते म्हणाली. ती अठरा-एकोणीस वर्षांची. तिचा भाऊ सकाळी बाजाराला गेला तो परत आला नाही. संध्याकाळी गावातली कासारीण आली. कासार म्हणजे आमच्या धंद्यातले, एका अर्थी आमचे स्पर्धकच. तिनं नानीला आणि तिच्या आईला मागच्या दारानं नेलं आणि बळदात उतरवलं. वरून ज्वारीच्या रिकाम्या पोत्यांचा ढीग टाकला. तीन रात्री. पेटीही कासारणीनंच उचलून आणली होती. चौथ्या दिवशी ती परत देताना म्हणाली, “मोजून घे गं, एक बांगडी कमी नाही.”

नानी हे सांगताना रडली नाही. पेटीवर हात फिरवत राहिली. मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, भावाचं सांगितलं असतं तर तुम्ही गावाचा राग धरला असता. कासारणीचं सांगितलं असतं तर भावाला विसरले असते.

यावर मी आजही विचार करते.

पुढे सुंदरलाल समितीचा अहवाल वाचायला मिळाला तेव्हा त्यात एका ठिकाणी थबकले. समितीनं लिहिलं आहे की एकाच व्यवसायातल्या लोकांमध्ये आपलेपणा विशेष दिसला. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, त्यासाठी स्वतःचा जीवही गमावला. मला तगरचं कापड आठवलं आणि त्या शंखाच्या बांगड्या आठवल्या. मी म्हटलं होतं ना, कसब एका हातातून दुसऱ्या हातात जातं? कसबाचं हे नातं त्या दिवसांत काही ठिकाणी जीव वाचवून गेलं. सगळीकडे नाही. नानीचा भाऊ वाचला नाही. हेही त्याच ओळीत लिहायचं.

पेटी मी कपाटात ठेवली. तीन ओळींचं कार्ड लिहिलं. चौथीच्या मुलांना सगळं सांगितलं नाही, त्यांचं वय नव्हतं. त्यांच्यासाठी एवढंच लिहिलं: ‘संकटात ही पेटी शेजारणीनं सांभाळली आणि मोजून परत केली.’ पूर्ण गोष्ट एका संध्याकाळी मोठ्या माणसांच्या बैठकीत सांगितली. कुणीतरी म्हणालं, जुनं कशाला उकरता? मागं बसलेले एक शेतकरी आजोबा उठले आणि म्हणाले, “बाईनं एक सांगितलं, आता माझं ऐका.” त्यांच्या वडिलांना रझाकारांनी कसं मारलं ते त्यांनी सांगितलं. पंचावन्न वर्षांत गावात पहिल्यांदा. कुणी कुणाचं खोडून काढलं नाही. दोन दुःखांची वजाबाकी करायची नसते. ती शेजारी शेजारी ठेवायची असतात, संग्रहालयात दोन वस्तू ठेवतो तशी.

शेवटी तेरचीच एक गोष्ट. तेर गोरोबाकाकांचं गाव. नदीकाठी त्यांची समाधी आहे. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. संतमंडळी जमली होती. गोरोबांनी थापटी घेतली आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवून मडकं पक्कं की कच्चं ते पाहिलं. बाकीचे शांत बसले, नामदेव रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. पण कच्चं म्हणून त्यांना कुणी फेकलं नाही. ते गुरूकडे गेले, भाजून पक्के होऊन आले.

आपण सांगतो त्या गोष्टी अशाच वाजवून घ्यायला हव्यात. ‘आम्ही इथले राजे होतो’ वाजवून बघा. ‘तुम्ही नंतर आलात’ वाजवून बघा. ‘आमच्या गावात कधीच काही झालं नाही, सगळे भावासारखे राहत होते’ हेही वाजवून बघा. हे शेवटचं मडकं आपण फार प्रेमानं जपतो, पण त्याचा आवाज बद्द येतो. आणि माझी गोष्टही वाजवून घ्या. नानीनं सांगितलेलं मी दुसऱ्या ओळीत लिहिलं आहे, पहिल्या नाही.

तुमच्या तालुक्यात संग्रहालय नसेल. कपाट मिळेल. कपाट नसेल तर वही मिळेल. या आठवड्यात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसा, एक वस्तू समोर ठेवा आणि विचारा, ही कधीची? ते जिथं गप्प होतील तिथं घाई करू नका.

तो मुलगा मला दोन वर्षांपूर्वी भेटला. आता चाळिशीचा आहे, टेम्पो चालवतो. मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. त्याला प्रश्न आठवत नव्हता. म्हणाला, “बाई, माझी मुलगी चौथीत आहे. तिला घेऊन जाता का तेरला?”

मी गेले. या वेळी शंखाच्या बांगड्यांपासून सुरुवात केली.